चार दिवसांची क्रूनर

मी जाझ गायचे असं सांगितलं, की आमची नात माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघते. तिचा दोष नाही. ऐंशीच्या पुढे माणूस काय वाटेल ते सांगतो, आणि मी तर सतराव्या वर्षापासूनच सांगत आले आहे. पण हे खरं आहे. माझी कारकीर्द सगळी मिळून नऊ रविवारांची. एकच हॉल, एकच बँड. त्याची रेकॉर्ड नाही, फोटो नाही, कागदावर नाव नाही. त्या हॉलच्या जागी आता मोटारींचे सुटे भाग मिळतात. जगाने माझी दखल घेतली नाही म्हणून मी रुसावं, इतकं काही मी गायले नव्हते. तेव्हा मात्र मला वाटे की दखल घ्यायला जग थोडा उशीर करतंय, एवढंच.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला, चकाल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कौलारू घर होतं. आई मी लहान असतानाच गेली. वडील सचिवालयात नोकरीला. ते सकाळी जात आणि दिवेलागणीला येत. घर चालवायची आत्या, वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच नवरा गेल्यामुळे ती माहेरी परत आली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरातला देव, चूल आणि शिस्त तिच्या ताब्यात होती. मंगळवारी आणि शुक्रवारी गाणं शिकवायला बुवा येत. मला गाता यावं ही कुणाचीच हौस नव्हती. मुलगी दाखवायच्या वेळी पाहुण्यांनी ‘काही म्हणता का?’ विचारलं तर म्हणता यावं, एवढ्यासाठी ती शिकवणी होती.

मी मात्र स्वतःला फार मोठी गायिका समजत असे. एक हात कानावर, दुसरा हवेत काहीतरी चाचपणारा, डोळे मिटलेले, असा माझा आरशासमोर रियाज चाले. डोळे मिटल्यावर आरशाचा उपयोग काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता या कारकिर्दीला कारण झालेली गोष्ट सांगते. हल्लीच्या मुलींना हसू येईल. महिन्याचे ते चार दिवस मी घराबाहेर बसायची. म्हणजे मागच्या पडवीत. तिथे माझी वेगळी चटई, वेगळं कांबळं, वेगळं ताट-भांडं. मला कुणी शिवायचं नाही, मी कशाला शिवायचं नाही. लोणच्याला नाही, देवाला नाही, तानपुऱ्यालाही नाही. बुवा आले तर आत्या त्यांना दारातूनच परत पाठवायची, ‘तिला बरं नाही’ म्हणून. महिन्याला एकदा ठरल्या तारखेला मला बरं नसे आणि बुवाही ठरल्या तारखेला ‘बरं, बरं’ म्हणत. जेवायच्या वेळी आत्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून लांबूनच भाकरी वाढायची. मधल्या वेळात तिकडे कुणी फिरकत नसे. सतरा वर्षांच्या मुलीला इतकं मोकळं सोडायची सोय आमच्या शास्त्रकारांनी करून ठेवली होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पडवीच्या पुढे विहीर, विहिरीच्या पुढे मेंदीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मूळच्या इथल्याच ख्रिश्चनांचं गावठाण. पहिलंच घर होतं एका ट्रंपेटवाल्याचं. दिवसा ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करत आणि संध्याकाळी अंगणातल्या फणसाखाली त्यांच्या बँडची तालीम चाले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. लग्नं, बारशी, सणाचे नाच, जे मिळेल ते वाजवत. इतर दिवशी मी घरात असे, त्यामुळे ते वाजवणं मला लांबून गोंगाटासारखं वाटे. पडवीतून ते सबंध ऐकू यायचं. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी ऐकायला लागले आणि तीन-चार महिन्यांत मला त्यांचे सगळे तुकडे पाठ झाले.

बँडबरोबर गाणाऱ्याला ते क्रूनर म्हणत. मास्तरांची क्रूनर लग्न होऊन आफ्रिकेला गेली. त्यानंतरच्या तालमीत गाण्याची जागा मोकळीच राहायची. मास्तर तिथे ट्रंपेट खाली घेत, बाकीचे वाजवत राहत, आणि मधे एक खड्डा पडे. एका संध्याकाळी तो खड्डा मला सोसवेना. कुंपणाच्या अलीकडून मी ती ओळ आकारात म्हणून टाकली. चांगली खणखणीत, कानावर हात ठेवून.

पलीकडे सगळं थांबलं.

“कोण हाय तिथं?” मास्तर.

“मी.”

“मी म्हंजे कोण?” आणि कुंपणातली मेंदी बाजूला झाली.

“पुढे येऊ नका,” मी म्हटलं, “मला शिवू नका.”

जाझच्या दुनियेत मी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

मास्तर गोंधळले. त्यांची बायको मागून आली, तिने माझ्याकडे पाहिलं, पडवीतल्या चटईकडे पाहिलं आणि हसली. “अगो, बसलीस काय तू? ये इकडं. आमच्याकडं नाय तसलं काय. हे कोन तुला शिवत नाय. ये, गा.”

आता मी त्यांच्या अंगणात जावं की नाही? बाटण्याची भीती मलाही होती. मी काही सुधारक नव्हते. पण मी हिशेब केला, की मी आधीच चार दिवस विटाळशी आहे. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचंच आहे. एक विटाळ धुवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यातच दुसराही धुऊन निघेल. हा विचार मला इतका बिनतोड वाटला की मी सरळ कुंपण ओलांडलं.

पुढे दर महिन्याचे ते चार दिवस मी फणसाखाली काढले. इंग्रजी गाण्यांचे शब्द वहीत देवनागरीत लिहून घ्यायची. अर्थ मास्तरांच्या बायकोला विचारला, तर ती मासे साफ करता करता म्हणाली, “तो गेला, ही रडते. सगल्या गान्यांत त्येच हाय. तू नुसतं रडक्या तोंडानं म्हन.” शब्दांचं काही अडलं नाही. अडलं ते ठेक्याचं. बुवांनी मला पहिल्या मात्रेवर जोर द्यायला शिकवलं होतं, समेवर मान हलवून यायला. हे लोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देत. माझी मान एकीकडे, त्यांची टाळी दुसरीकडे. ड्रमवाला गडी तापट होता. तो म्हणायचा, “मास्तर, हिची मान बांधा कोनतरी.”

मास्तर कधी तापले नाहीत. मला म्हणाले, “पोरी, ठेक्याच्या बरोबर पळू नको. थोडी मागून चाल. नवरीच्या मागून करवली कशी चालते? घाई नाय, पन वरात चुकवत नाय. तशी.”

ते मला एकदम कळलं. घरात परत घेतल्यावर शुक्रवारी बुवांपुढे गाताना मी करवलीसारखी मागून चालायला लागले आणि बुवा आत्याला म्हणाले, “हिला अजून बरं वाटत नाही का?”

रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर गावठाणाच्या हॉलमध्ये अकरा वाजता नाच असे. सकाळचाच, तास-सव्वातासाचा. दारूबंदी होती, त्यामुळे टेबलावर लिंबूसरबत आणि रासबेरी. कोपऱ्यातल्या सुरईत काय असायचं ते मी विचारलं नाही. ज्या महिन्यात माझे दिवस रविवारवर येत, त्या रविवारी मी गायची. तेवढा वेळ आत्या सोवळ्यात असायची: आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून, देवपूजा, मग स्वयंपाक. साडेबारापर्यंत मागचं दार उघडत नसे. वडील रविवारी मित्राकडे पत्ते खेळायला गेलेले असत.

पहिल्या रविवारी मी स्टेजवर गेले आणि मांडी घालून खाली बसले. मला काय माहीत उभं राहायचं असतं? गाणारा माणूस बसतोच. माईक वर, मी खाली. लोक बघतायत, मी डोळे मिटून वाट बघतेय की माईक कधी खाली येतो. मास्तरांनी सोड्याचं रिकामं खोकं उपडं घातलं, त्यावर माईक बांधला आणि बँडला खूण केली. मागच्या लोकांना मी दिसतच नव्हते. पुष्कळांना वाटलं आवाज खोक्यातून येतोय.

आणि त्याच दिवशी मी ती भानगड केली. गाणं रंगात आलं, मीही आले. आमच्याकडे गाणारा रंगात आला की एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येऊन थांबतो. त्याला तिहाई म्हणतात. मी घेतली तिहाई. तीनदा म्हटलं आणि ठाण्‌कन समेवर आले. ड्रमवाल्याला वाटलं गाणं संपलं. त्याने थाळी वाजवून हात काढले. सगळा बँड थांबला. नाचणाऱ्या जोड्या एक पाय उचललेल्या अवस्थेत जागच्या जागी. मी डोळे उघडले तर शंभरेक माणसं बगळ्यासारखी उभी. आता काय करायचं? तिहाईनंतर मुखडा म्हणायचा असतो. मी एकटीनेच मुखडा उचलला, बँड धावतपळत मागून आला, पाय खाली पडले, आणि हॉल जो हसला आणि नाचला. पुढच्या वेळी ड्रमवाला मुद्दाम थांबला. त्याच्या पुढच्या वेळी नाचणारे मुद्दाम वाट बघू लागले. माझी चूक हीच माझी खासियत ठरली. मी अर्थात सगळ्यांना सांगितलं की मी ते ठरवून केलं होतं.

असे पाच रविवार झाले. मग फेब्रुवारीत मास्तरांनी तालीम थांबवून सांगितलं, की फोर्टातल्या एका हॉटेलचा मॅनेजर बँड ऐकायला येणार आहे. लेंट, म्हणजे त्यांचा उपासाचा काळ, सुरू व्हायच्या आधीचा रविवार. त्यानंतर चाळीस दिवस नाच बंद. मास्तर वीस वर्षं मांडवांत वाजवत होते. हॉटेलात वाजवायचं हे त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं एकच स्वप्न होतं. त्या मॅनेजरला माझा तो थांबून पुन्हा सुरू होणारा नंबर ऐकवायचा होता.

“येशील ना?” मास्तरांनी विचारलं.

मी बोटं मोजली. माझे दिवस कालच सुरू झाले होते. तो रविवार त्यानंतर अकराव्या दिवशी येत होता.

“येईन,” मी म्हटलं.

मास्तरांच्या बायकोनेही बोटं मोजली. “कशी येनार गो?”

“ते मी बघते.”

मी बघितलं ते असं. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात लांब उभी राहून म्हणाले, “आत्या, कावळा शिवला.”

आत्याच्या हातातली पळी थांबली. “आज? अगं, मागच्याच आठवड्यात तर न्हालीस.”

“हो. पण परत शिवला.”

मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर शंका घेईल. त्यासाठी उत्तरं तयार ठेवली होती. तिने यातलं काहीच केलं नाही, ती घाबरली. पंधरवड्यात दोनदा म्हणजे पोरीला काहीतरी मोठं दुखणं. दर अर्ध्या तासाने मागचं दार उघडून विचारायला लागली, “फार जातंय का? चक्कर येते का? झोपून राहा.” मी कण्हत राहिले. कण्हणं मला चांगलं जमायचं. रडकी गाणी गाऊन सवय झाली होती. शनिवारी तिने कुठूनशी उंबराची साल आणवली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रविवार त्याहून मोठा वाटला.

रविवारी पावणेअकराला मी कुंपणापलीकडे होते. मास्तरांच्या बायकोने माझ्या केसात अबोलीचा वळेसर माळला. मॅनेजर पुढच्या खुर्चीत बसले होते. काळा कोट घातलेले जाड पारशी गृहस्थ, चेहरा असा की यांना सकाळपासून चहा मिळालेला नाही. दोन नंबर झाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांच्या मानेवर घाम दिसायला लागला. मग तिसरा, माझा. मी खोक्यासमोर मांडी घातली आणि करवलीसारखी निघाले.

इकडे घरी आत्याने, पूजा अर्धी ठेवून, काढा उकळून गाळला होता. साडेबारापर्यंत थांबवेना म्हणून तिने मागचं दार उघडलं. पडवी रिकामी. विहिरीत डोकावली. विहीरही रिकामी. आणि मग कुंपणापलीकडून तिला माझा आवाज आला. मला जन्मल्यापासून ओळखत होती ती.

मी तिहाई घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. थाळी वाजली, बँड थांबला, दोनशे माणसं एका पायावर. आणि त्या शांततेत दारातून आत्याचा आवाज: “लांब व्हा रे बाबांनो. शिवू नका. सोवळ्यात आहे.”

गावठाणातली माणसं ती. सोवळं म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक. एका पायावरच्या जोड्या लंगडी घालत बाजूला सरकल्या. मधून वाट झाली. त्या वाटेने आत्या चालत आली, हातात वाटी, आणि स्टेजपासून चार हातांवर उभी राहिली.

मुखडा मला एकटीलाच म्हणायचा होता. मास्तर माझ्याकडे बघत होते. पारशीबाबा आत्याकडे. मी ठरवलं, आता मार खायचाच आहे तर गाऊन खावा. पहिला सूर कापला. दुसरा धरला. तिसऱ्याला बँड आला आणि मी जी गायले, ती माझ्या नऊ रविवारांतली सगळ्यात चांगली गायले. नाचणाऱ्यांनी आत्याभोवती सहा हातांचं रिंगण मोकळं ठेवलं होतं. त्यात ती हलली नाही, गाणं संपेपर्यंत.

मग वाटी स्टेजच्या कडेला ठेवून मागे सरकली. “हे पी आधी.”

दोनशे माणसांसमोर मी उंबराच्या सालीचा काढा प्यायले. सगळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर उठले. “बाय, ही टमारी डिकरी काय?”

“भाची.”

“चांगला गाते. आमी बँड घेईल, हिला पन घेईल. मंगलवार, शुक्रवार.”

मास्तरांच्या बायकोने क्रूस केला. माझं काळीज उडून फोर्टात पोचलं.

“किती वाजता?” आत्या.

“सात ते दहा.”

“रात्रीचे?”

“मग काय सकालचे? लोक तवाच येते.”

“मग नाही,” आत्या म्हणाली. मास्तरांचा चेहरा उतरला. मॅनेजरांनी खांदे उडवले आणि टोपी उचलली. तेवढ्यात आत्या मास्तरांकडे बोट करून म्हणाली, “पण हिची गरजच काय तुम्हांला? हे गृहस्थ वाजवतात तेच गाणं आहे. ही मधे मधे नुसती ओरडते. मी दारापासून ऐकत आले. तो भोंगा हिच्यापेक्षा चांगला गातो.”

पारशीबाबा पहिल्यांदा हसले. त्यांनी टोपी परत खुर्चीवर ठेवली. “म्हातारी बरोबर बोलते,” ते म्हणाले, आणि मास्तरांना आणखी दोन नंबर वाजवायला सांगितले, बिनगाण्याचे. तिथल्या तिथे बँड ठरला. एका वाक्यात माझ्या आत्याने मास्तरांना फोर्टात पोचवलं आणि माझी कारकीर्द खलास केली. माझा नुसता संताप झाला. सतरा वर्षांची मी, हॉटेलची क्रूनर होता होता नुसती ओरडणारी ठरले. आज ऐकलं तर मी आत्याच्याच बाजूने मत देईन.

विहिरीपाशी येऊन आत्या थांबली. “खरं सांग. बसलीयस का खोटं?”

“खोटं.”

तिने पोहरा विहिरीत सोडला. मग म्हणाली, “तीन दिवस मी लांबून वाढलं. देवाला बोलून ठेवलं. शिवाय ती साल शोधायला माणूस मरोळपर्यंत पाठवला. गायचं होतं तर तसं सांगायचंस.”

“तू जाऊ दिलं असतंस?”

“नाही,” आत्या म्हणाली, “पण सांगायचंस.”

आम्ही दोघींनी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. वडिलांना तिने सांगितलं नाही. सांगायचं तर सोवळ्याचं लुगडं नेसून आपणही नाचाच्या हॉलमध्ये उभ्या होतो, हे सांगावं लागलं असतं. मी हे ओळखून होते आणि मी ओळखून आहे हे ती ओळखून होती. त्यामुळे आमचं छान चाललं.

फोर्टात मास्तरांनी दुसरी क्रूनर घेतली, उभी राहून गाणारी. आवाज माझ्याहून चांगला होता तिचा. हे म्हणायला मला पंधरा वर्षं लागली. गावठाणातला रविवार मात्र त्यांनी सोडला नाही. ईस्टर झाला, नाच सुरू झाले, आणि एका शनिवारी मला खरोखरच कावळा शिवला. मी पडवीत चटई टाकली आणि आडवी झाले. कुंपणापलीकडून मास्तरांच्या बायकोची हाक आली, “अगो, उद्या येतंस ना?” मी कांबळं डोक्यावर ओढलं. माझा विचार होता की आता मला कोण जाऊ देणार.

रविवारी दहा वाजता मागचं दार उघडलं. आत्या सोवळ्यात, हातात भाकरी.

“आज इतक्या लवकर?” मी विचारलं.

“अकराला आहे ना तुमचं ते?” तिने लांबून ताटात अर्धीच भाकरी टाकली. “पोटभर जेवून गाऊ नये. उरलेली आल्यावर. आणि शेवटी घाई करतेस ती करू नकोस, त्या ड्रमवाल्याला धाप लागते.”

मी अर्धी भाकरी खाल्ली आणि निघाले.